पिच मरू द्यायची नाही

सकाळी कव्हर उचललं आणि पिचवर पाणी दिसलं. थोडंथोडकं नाही. मी गुडघा टेकवून बोट खुपसलं, तर पहिलं पेर आत गेलं. आदल्या सकाळी याच मातीत मी मोटारसायकलची चावी टोचून पाहिली होती, तेव्हा चावी वाकली होती.

कोच मागे येऊन उभा राहिला.

"सुधाकरजी, ये क्या है?"

"पानी है," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

मी क्युरेटर आहे. म्हणजे क्रिकेटचं मैदान आणि मधली ती बावीस यार्डांची पट्टी, पिच, तयार करणारा माणूस. गाव पवनी. आयुष्य माती, गवत आणि रोलर यांच्यात गेलं. चांगली पिच झाली तर लोक बॅट्समनचं नाव घेतात, वाईट झाली की क्युरेटरचं. सवय झाली आहे.

त्या वेळी मी एका छोट्या देशाच्या संघाकडे नोकरीला होतो. टेस्ट खेळणाऱ्या देशांत हे अगदी नवे. त्यांच्या देशात मोठे संघ जायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी आपल्याकडच्या एका मोठ्या शहरातलं स्टेडियम भाड्याने घेतलं होतं. तेच त्यांचं 'होम ग्राउंड'. स्टेडियम सामन्याच्या थोडे दिवस आधीच ताब्यात मिळायचं, म्हणून सरावाचं शिबिर भंडाऱ्याजवळच्या एका खाजगी अकादमीच्या मैदानावर. दोन्हीकडे एकाच तलावातली काळी माती टाकली होती. इथे जसं वागेल, तसंच तिथे वागणार.

त्यांची पहिली घरची टेस्ट तीन दिवसही टिकली नव्हती. दुसरीत समोरच्यांना त्यांनी घाम फोडला, पण शेवटी हरलेच. आता तिसरी होती. त्यांच्या बोर्डाने कोचला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, हीही लवकर आटोपली तर मैदानाचा करार संपवू. मग घरचे सामने बंद. जगभर पाहुणे म्हणून हिंडा आणि हरा.

त्यांचा कप्तान एका संध्याकाळी माझ्याजवळ बसून म्हणाला होता, "सर, घर किराये का है. लेकिन है तो घर." मला भरून आलं होतं. मी उठून रोलर फिरवायला गेलो.

त्यांचा भरवसा सगळा स्पिनरांवर. म्हणून कोचला हवी होती भेगाळलेली पिच. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते आणि तडकते. भेगेच्या काठावर चेंडू पडला की कुठे वळेल ते चेंडूलाही ठाऊक नसतं. दोन दिवसांनी जिल्ह्यातल्या पोरांच्या संघाशी दोन दिवसांचा सराव सामना होता, आणि त्यासाठी मी पिच मस्त वाळवत आणली होती. मग एक दिवस भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, तुमसरला गेलो आणि परत येऊन बघतो तर हे.

कोच तापला. कोणीतरी मुद्दाम केलं म्हणाला. समोरच्या संघाची माणसं इथवर पोचली असतील म्हणाला. मला राग आला होता, पण त्याहून जास्त कुतूहल वाटत होतं. पाऊस नाही. पाइप फुटलेला नाही. टँकर आला असता तर चाकांचे ठसे दिसले असते.

मी पिचभोवती वाकून फिरलो. आणि कडेला आलो तेव्हा थांबलो. चारही बाजूंनी मातीचा बोटभर उंच काठ घातला होता. हाताने थापलेला, गुळगुळीत. पाणी बाहेर जाऊ नये म्हणून एका कोपऱ्यात मुद्दाम जास्त माती लावलेली. आमच्याकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात आणि बांधीच्या काठाला धुरा. हा धुरा होता. दुश्मनाच्या माणसाला इतका देखणा धुरा घालता येत नाही.

"कौसाबाईले बोलवा," मी म्हणालो.

कौसाबाई कोंढ्याची. नवऱ्यासोबत मैदानावरच राहायची. झाडणं, गवत काढणं, पाणी मारणं तिच्याकडे. आवाज खणखणीत, भीड कोणाचीच नाही. आली ती पदर खोचतच.

"कौसाबाई, पिचवर पानी कोनं सोडलं?"

"मीनं. काहून?"

"काहून म्हणजे? कोनाले विचारून?"

"विचारून कायले? ह्या सायबानंच तं सांगतलं." तिने सरळ कोचकडे बोट केलं.

कोचला मराठी येत नव्हतं, पण बोट कळलं. "मैंने? मैंने क्या बोला?"

"बोलले नाही का तुमी? काल सांजेले इथंच हुबे राहून बोलले, ये पिच मरना नहीं चाहिए, ध्यान रखना. मंग मी पायलं, तं पिचले ह्या मोठाल्या भेगा. माही चार बोटं जाऊन राहिली होती आत. म्या म्हटलं, मरूनच राहिली बिचारी."

मी कोचकडे पाहिलं. कोच आकाशाकडे पाहत होता.

घोटाळा असा होता. आमच्या धंद्यात ज्या पिचवर चेंडू उसळत नाही, वळत नाही, तिला 'मेलेली पिच' म्हणतात. डेड. कोचला म्हणायचं होतं की पिच तशी होऊ देऊ नका, भेगा राहू द्या. आणि धानवाल्या घरात बांधीला भेग पडली की घरचा माणूस जेवण सोडून पाणी बघायला पळतो. तिथे भेग म्हणजेच मरण. कोचने पिच जगव म्हणून सांगितलं आणि कौसाबाईने ती जगवली. शेजारच्या शेतात उन्हाळी धानाची रोवणी चालू होती, तेव्हा तिच्या डोक्यात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं.

"अवो, पण पिचमध्ये धान लावलं हाय का?" मी विचारलं.

"धान नाही, पण गवत तं हाय. त्याले जीव नाही का?"

मला हसू आवरेना. कोचला मी सगळं समजावून सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, सामना रद्द करा आणि हिला काढा.

"हिला काढायचं कारण काय लिहाल?" मी म्हणालो. "तुमचं ऐकलं म्हणून?"

तो विषय तिथे संपला. सामना रद्द करायला कप्तानाने नकार दिला. "जो है, उसपे खेलेंगे," म्हणाला.

पाणी मी स्पंजने टिपलं. दोन दिवस ऊन खाऊ दिलं, हलका रोलर फिरवला. भेगा पार मिटल्या होत्या. वरून पिच घट्ट आणि गुळगुळीत झाली, आत ओल तशीच. खरोखर मेलेली पिच. यांच्या स्पिनरांना जिल्ह्याच्या पोरांनी असं धुतलं की सीमेबाहेरून चेंडू आणता आणता कौसाबाईचा नवरा दमला.

मग यांची बॅटिंग आली. मी साइटस्क्रीनच्या सावलीत बसलो होतो, कप्तान पॅड बांधून शेजारी. ओपनर खेळत राहिला. जेवणापर्यंत खेळला, चहापर्यंत खेळला. दोन टेस्टमध्ये मिळून जेवढा वेळ तो क्रीजवर उभा राहिला नव्हता, तेवढा त्या एका दिवसात राहिला.

कप्तान हळूच म्हणाला, "सर, हमने घर में कभी इतनी देर बैटिंग की ही नहीं."

तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. भेगाळलेली पिच आपण यांच्या स्पिनरांसाठी करत होतो, पण तिच्यावर यांचे बॅट्समनही बुडत होते. समोरच्यांचे स्पिनर जास्त तयारीचे. घरच्या मैदानाचा फायदा पाहुणेच घेऊन जात होते.

संध्याकाळी मी कोचला म्हटलं, "स्टेडियममधल्या पिचला मी पाणी जास्त दिवस देणार. भेगा चौथ्या दिवसाच्या आधी उघडू द्यायच्या नाहीत."

"और वो लोग पहाड़ जैसा स्कोर बना दें तो?"

"तर तुमची आणि माझी नोकरी एकदमच जाईल. सोबत राहील."

त्याने वाकून पिचवर अंगठा दाबून पाहिला. मग म्हणाला, "ठीक है. दो पानी."

टेस्ट तशीच गेली. पाहुण्यांनी खूप रन काढले. पण यांनीही काढले. सामना चौथ्या दिवसात गेला, तेव्हा स्टेडियमचे गेटवालेही आत येऊन बघू लागले. पाचव्या दिवशी भेगा उघडल्या, पाहुण्यांचे स्पिनर तुटून पडले आणि यांना दुपारभर नुसतं टिकायचं होतं. ओपनर टिकला. तो गेला तर कप्तान टिकला. शेवटच्या जोडीने दिवस काढला. सामना अनिर्णित.

लोकांना वाटेल, अनिर्णितात काय एवढं? मी कप्तानाला पिचवर डोकं टेकवून रडताना पाहिलं. मीही रडलो, डोळ्यात धूळ गेली म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात मैदानाचा करार वाढला.

त्या पाचव्या दिवशी दुपारी, दोन्हीकडच्यांचे श्वास अडकलेले असताना, माझा फोन वाजला. कौसाबाई. अकादमीच्या टीव्हीवर सामना बघत होती.

"सुधाकरभाऊ, टीवीत दिसून राहिलं मले. भेगा पडल्या ना! तिथं पानी द्याले कोनी बाई नाही का ठेवली तुमी?"

"नाही ठेवली," मी म्हटलं. "सामना चालू असताना पाणी देता येत नाही. आज मरू द्यावी लागेल."

"जसं तुमाले वाटन तसं," ती म्हणाली. सूर अगदी नाराजीचा होता.

त्यानंतर मी कामावर एक नियम केला. माझ्या मैदानावर पिच मरत नाही आणि जगतही नाही. चेंडू वळतो किंवा वळत नाही, एवढंच बोलायचं. आणि कोच कोणत्याही देशाचा असो, पाण्याबद्दल कौसाबाईशी परस्पर बोलायचं नाही.