तेल कमी होतं

माझ्या भावाने जुनी स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा घरात माझ्याशिवाय कोणालाच आनंद झाला नाही. दादाचं कल्याणला स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, बरं चालतं. वहिनी म्हणाली, दोनच सीट आहेत, मुलांना काय टपावर बसवणार? आईने नारळ फोडला आणि विषय संपवला. मी ऑफिसमधून हाफ डे टाकून कल्याणला गेले आणि आधी बॉनेट उघडायला लावलं.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पंप आणि कॉम्प्रेसर माझ्याकडे असतात. पण गाडी चालवायला मला दादानेच शिकवलं, टिटवाळ्याकडच्या एका मोकळ्या मैदानात, बाबांना न सांगता. स्पीडच्या काट्याकडे बघू नकोस, इंजिनचा आवाज ऐक, असं तो सांगायचा. मला जे येतं ते त्याच्यामुळे येतं, हे मी आजही नाकारत नाही. म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागलं.

आमच्याकडच्या रस्त्यांवर ती गाडी चालवणं म्हणजे शिक्षा होती. कल्याण-शीळ रोडवर प्रत्येक स्पीडब्रेकरला तिचं पोट घासायचं. शेवटी दादा एका हौशी लोकांच्या ग्रुपमध्ये गेला. हे लोक अधूनमधून दक्षिणेतल्या एका रेसिंग ट्रॅकवर आपापल्या गाड्या घेऊन जातात. शर्यत नसते. थोडा वेळ ट्रॅकवर जोरात चालवायची, परत यायचं, गाडी थंड होऊ द्यायची, पुन्हा जायचं. दादाने गाडी ट्रकवर चढवून पाठवली आणि मला म्हणाला, "तू पण चल. एखादं सेशन तूही मार."

रस्त्यावर ती गाडी तेल खात नव्हती. एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्यापर्यंत तेल मोजायच्या पट्टीवर, डिपस्टिकवर, फारसा फरक दिसायचा नाही. ट्रॅकवर मात्र पहिल्या सेशननंतर डिपस्टिक काढली तर तेल वरच्या खुणेपासून पार मध्यावर आलेलं. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. इंजिन सतत चढ्या आरपीएमला फिरतं, तेल तापून पातळ होतं, थोडं पिस्टनच्या रिंगांमधून वर जाऊन जळतं, थोडं वाफेबरोबर हवेच्या नळीत ओढलं जातं. आमच्या शेजारी एका कोऱ्या, महागड्या गाडीचा मालक निवांतपणे कॅनमधून तेल ओतत होता. जेवढं कमी झालं तेवढं भरायचं, एवढाच त्यावर उपाय.

दादाला तेवढंच जमेना. इंजिन एकदम टाइट आहे, थेंबभर तेल खात नाही, असं त्याने ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

"कॅन डिकीतच राहू दे," तो हळूच म्हणाला. "लोक बघतायत."

"लोकांच्या गाड्याही पितात, दादा."

"माझी नाही पीत."

तो जेवायला गेला तेव्हा मी तेल भरलं. दुपारी एक सेशन मीही मारलं. त्या दिवशी निभावलं. संध्याकाळी तिथल्या ट्रेनरने सगळ्यांच्या फेऱ्यांच्या वेळा वाचून दाखवल्या. त्याच गाडीत, त्याच टायरवर मी दादापेक्षा जलद गेले होते. "ताई फार स्मूथ चालवतात," तो म्हणाला. दादा हसला, त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. रात्री जेवताना मात्र तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. थकला असेल, असं मी धरून चालले.

पुढच्या वेळी पहिलं सेशन मी घेतलं. लांबच्या उजव्या वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. मी तिथेच वेग कमी केला आणि गाडी आत आणली. थोडं थांबून डिपस्टिक काढली, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. मागच्या खेपेनंतर दादाने भरलंच नव्हतं.

"दादा, हे बघ. वळणात उरलेलं तेल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. आधी भर, मग जा."

त्याने डिपस्टिककडे पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं. फडक्याने पुसून ती परत आत घातली.

"सेन्सर जुना झालाय. मी येऊन भरतो."

"येऊन कशाला? आत्ता भरते मी."

"सगळ्यांसमोर शिकवू नकोस मला."

एवढं बोलून त्याने हेल्मेट चढवलं. मी कॅन काढेपर्यंत गाडी निघून गेलेली. थोड्याच वेळात लांबून खडखड ऐकू आली, कोणी लोखंडी पिंपात नटबोल्ट हलवतंय तशी. मग ती थांबली. गाडी दोरीला बांधून आणली. दादा उतरला आणि माझ्याकडे न बघता पाणी प्यायला गेला.

शहाडच्या एका गॅरेजमध्ये इंजिन उघडलं तेव्हा आम्ही दोघंही तिथे होतो. तळाच्या तेलात चांदीसारखा चुरा चमकत होता. बेअरिंग घासून गेलेली. मेकॅनिक म्हणाला, तेल कमी पडलं. दादाने मान डोलावली. मी तुला सांगितलेलं, हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं, पण त्याचा चेहरा बघून मी ते गिळलं. परतताना त्याला उसाचा रस पाजला.

काही महिन्यांनी आंबिवलीला नात्यातलं एक लग्न होतं. पंगतीत शेजारी बसलेला मामेभाऊ म्हणाला, "काय ताई, दादाचं इंजिन उडवलंस म्हणे. भर वेगात चौथ्याऐवजी दुसरा गिअर टाकलास?"

मी आधी हसले. मस्करी करतोय असं वाटलं. मग लक्षात आलं, पलीकडचा काकाही हसतोय, आणि त्यालाही ही गोष्ट गिअरसकट माहीत आहे.

दादा हात धुवायच्या नळापाशी सापडला.

"तू काय सांगत फिरतोयस?"

"अगं, ग्रुपमध्ये विचारत होते. तुझ्या सेशनला गिअर चुकला आणि इंजिन माझ्या हातात येऊन बसलं, असं म्हटलं. काहीतरी सांगावं लागतं ना."

"तेल कमी होतं, असं सांगायचं."

"माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. मी असं सांगू?" त्याने रुमाल काढून हात पुसले. "आणि तुला काय फरक पडतो? तू कुठे त्या लोकांत ऊठबस करतेस?"

आईला सांगितलं तर ती म्हणाली, भाऊ आहे, सोडून दे. वहिनीला खरं माहीत होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही.

इंजिन नव्याने बांधून झालं. दादा पुन्हा ट्रॅकवर जायला लागला, मला न विचारता. मीही चल म्हणून मागे लागले नाही. पण चालवायची ओढ काही जाईना. त्या ग्रुपकडे भाड्याने द्यायच्या गाड्याही होत्या, म्हणून मी स्वतःच आयोजकाला फोन केला. माणूस सभ्य होता. नाव सांगितल्यावर त्याने ते पुन्हा एकदा विचारलं.

"मॅडम, गाड्या आमच्या असतात. मागच्या वेळी जे झालं ते बघता... तुमच्या भावाशी बोलून कळवतो."

त्याने कळवलं नाही. दादानेच रविवारी आईच्या आणि माझ्या घरी आल्यावर सांगितलं, अगदी सहज, पोहे खाता खाता.

"त्यांचा फोन आलेला. मी म्हटलं, राहू द्या, घरच्यांना काळजी वाटते."

"कोणाला वाटते?"

त्याने बशी आईपुढे सरकवली. आईने त्याच्या बशीत अजून पोहे वाढले. मी उठून गॅलरीत गेले. खाली आमच्या सोसायटीत कोणी गाडी धूत होतं, साबणाचं पाणी गटाराकडे चाललेलं.

आम्ही अजून बोलतो. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, त्याच्या मुलांच्या परीक्षा, सोसायटीची गळती. गाड्यांबद्दल मात्र तो माझ्याशी बोलत नाही, आणि मीही विचारत नाही.