सासूबाईंचे बारा नमस्कार

भिलाईचा कारखाना अजून अर्धाच उभा होता तेव्हाची गोष्ट. आमचे हे फर्नेसच्या बांधकामावर क्रेन चालवत. तिथं एक रशियन इंजिनीअर होता, धिप्पाड, उन्हानं लालबुंद झालेला. एका रविवारी ह्यांनी त्याला क्वार्टरवर जेवायला बोलावलं. भंडाऱ्याकडच्या गावाहून सासूबाई नुकत्याच आल्या होत्या.

साहेबानं मुगाचे वडे दोनदा मागून खाल्ले आणि अंगणात येऊन कॅमेरा गळ्यात अडकवला. विटेएवढा जड ठोकळा. तो डोळ्याला लावायचा नव्हता, पोटाशी धरून वरून आत बघायचं. साहेब सासूबाईंसमोर उभा राहिला आणि त्यानं मान खाली घातली. सासूबाईंनी लगेच डोक्यावरचा पदर सारखा केला, हात जोडले आणि वाकल्या.

“माताजी, ऊपर देखो!” साहेबाला तेवढी हिंदी येत होती.

त्यानं मान वर केली की त्या वर बघत. तो कॅमेऱ्यात बघायला लागला की ह्या पुन्हा खाली. असं करता करता रोलचे बाराही फोटो संपले.

साहेब गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं, “आत्याबाई, तुम्ही काहून वाकून राहिल्या होत्या?”

“एवढा मोठा साहेब माह्यासमोर मान खाली घालून राहिला, अन् मी ताठ उभी राहू? मले लाज नाही का?”

पुढच्या रविवारी साहेब फोटो घेऊन आला. चौकोनी बारा फोटो, बाराहींत पदर आणि जोडलेले हात. हसून हसून तो खाटेवरच बसला. मग उठला आणि कॅमेरा सरळ माझ्या गळ्यात घातला.

मी आत वाकून बघितलं. काचेवर इवल्याशा सासूबाई, अगदी रंगीत, पण आरशात दिसावं तशा उलट. त्यांना मधोमध आणायला जावं तर त्या भलतीकडेच सरकत. पण उभ्या होत्या खांबासारख्या ताठ.

ह्यांनी विचारलं, “माय, आता नाही वाकत?”

“सुनेपुढं कोन वाकते रे!”

मी बटण दाबलं. आत धाडकन काहीतरी आपटलं आणि काच काळी पडली. परक्याची वस्तू, मोडली की काय! साहेबानं शांतपणे बाजूची चावी फिरवली, आणि सासूबाई पुन्हा काचेवर हजर.

पुढच्या खेपेला साहेबानं तो फोटो आणला, छान आला होता. रोखून बघणारे डोळे, ओठांच्या कोपऱ्यात हसू. मी ऐटीत त्यांच्या हातात दिला. त्यांनी दारातल्या उजेडात धरून तो कितीतरी वेळ न्याहाळला.

“बाकी सब ठीक हाय,” त्या म्हणाल्या. “पन माह्या नव्या चपला कुठं गेल्या?”

पाय मी घोट्यापासून कापले होते.

फोटो गावी गेला, भिंतीवर लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या आधी चपलांचा रंग सांगत आणि मग फोटो दाखवत.