रिकामा वेळ

गोदामांतलं काम मोजणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑफिसात तिला सगळे भाषांतरबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. प्रोग्रामर मंडळी आकड्यांना अशी नावं देत की वाचणाऱ्याची बोबडी वळावी. इंग्रजी अक्षरांची ही लांबलचक माळ! तिचं काम एवढंच, की गोदामातल्या मुकादमाला संगणकाच्या पडद्यावर बघताक्षणी कळेल असं नाव द्यायचं. अशाच एका आकड्याला तिनं ‘रिकामा वेळ’ म्हटलं. साहेब खूश झाले, बैठकीत कौतुक झालं, आणि बाईसाहेब काही दिवस हवेत होत्या.

तिची नणंद त्यांच्याच घरी राहायची आणि एका गोदामात काचसामान बांधायची. एका संध्याकाळी तिनं जेवताना ताट बाजूला सारलं.

“वहिनी, नवीन पडदा लावलाय. माझ्या नावापुढे लाल रंगात रिकामा वेळ येतो. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, काच बांधतेस की डुलक्या काढतेस? असंच चाललं तर घरी बस म्हणे. मला मान वर करायला फुरसत नसते गं.”

तो पडदा आपल्याच कंपनीचा, हे सांगायला वहिनीनं तोंड उघडलं आणि पाणी पिऊन मिटलं.

सकाळी ती पर्स खांद्यावरच ठेवून प्रोग्रामरच्या टेबलाशी उभी राहिली. “हा आकडा नेमकं काय मोजतो?”

“एक वस्तू स्कॅन केल्यापासून पुढची करेपर्यंतचा वेळ.”

“त्या वेळात माणूस काय करतो?”

“ते कुठं मोजतो आपण?” तो म्हणाला.

त्या वेळात नणंद काय करते हे तिला चांगलं माहीत होतं. घर बदललं तेव्हा सगळं स्वयंपाकघर नणंदेनंच बांधलं होतं. प्रत्येक कप कागदात, कोपऱ्यांत बोळे, मग खोकं कानाशी धरून हळूच हलवून बघायचं. एका कपाचा टवका उडाला नव्हता. आणि जुन्या किचकट नावाचा अर्थ ‘मधलं अंतर’ एवढाच होता, ‘रिकामा’ हा शब्द तिच्या पदरचा. सुटसुटीत वाटला, ठेवून दिला. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

तिनं नाव बदलू या म्हटलं, तर साहेब म्हणाले, ग्राहकांना तेच आवडलंय, कशाला हात लावायचा? मग ती हात धुऊन त्यांच्या मागे लागली. जिन्यात गाठलं, जेवणाच्या सुट्टीत गाठलं. घरी भाजी करपायची, नवऱ्यानं काय विचारलं ते डोक्यात शिरायचं नाही. शेवटी वैतागून साहेबांनी हो म्हटलं. पडद्यावर ‘दोन स्कॅनमधला वेळ’ आलं, लाल रंगही गेला.

त्या संध्याकाळी नणंद कपड्यांच्या घड्या करत बसली होती. वहिनीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुमच्या त्या पडद्याचं काय झालं?”

“बदललंय काहीतरी. पण मुकादम अजून रिकामाच म्हणतो. आम्हीही तेच म्हणतो आता, तोंडात बसलंय.” नणंदेनं टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. “काचेचं टेबल सोडलं मी. उद्यापासून कपड्यांच्या टेबलावर. तिथं भराभर स्कॅन होतं.”

“ते नाव मी ठेवलं होतं,” वहिनी म्हणाली.

नणंदेचे हात थांबले.

“मला विचारायचंस ना, वहिनी. मी घरातच तर होते.”