बाटलीवाली आणि नाल्यातलं आयोडीन

गल्लीत तिला सगळे बाटलीवाली म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. गावाबाहेरच्या कारखान्यात दवाखान्यांसाठी किरणोत्सारी औषधं बनत. त्यातलं काही कुंपणाबाहेर जात नाही ना, हे बघणं तिचं काम. विहिरीचं पाणी, कुरणातलं गवत, गोठ्यातलं दूध, नाल्यातला गाळ, सगळं बाटल्यांत भरायचं आणि प्रयोगशाळेत तपासायचं. इतक्या वर्षांत नको ते कधी सापडलं नव्हतं, आणि याचा तिला भारी अभिमान. सासूबाईंना मात्र त्या कारखान्याचं आणि तिच्या कामाचं काडीचं कौतुक नव्हतं. "शिकून सवरून शेवटी गटारात बाटल्या बुडवते," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

आणि एक दिवस नाल्याच्या पाण्यात आयोडीन सापडलं. मिठातलं साधं नव्हे. गळ्यातल्या ग्रंथीच्या आजारावर देतात ते, कारखान्यातच बनणारं. घाबरावं इतकं ते नव्हतं, पण बातमीला पाय फुटले आणि फाटकावर गर्दी जमली. कारखान्याच्या साहेबांनी औषधांच्या गाड्या थांबवल्या. "कुठून आलं ते कळल्याशिवाय एक कुपी बाहेर जाणार नाही." आता हे औषध काही साठवून ठेवता येत नाही. दिवसागणिक त्याचा जोर ओसरतो, आणि तिकडे रुग्ण वाट बघत बसलेले.

बाटलीवालीनं कंबर कसली. नाल्याकाठानं ती उलट वर निघाली. जिथे दोन गटारं मिळतील तिथे दोन्हींतलं पाणी भरायचं, तपासायचं, आणि ज्यात आयोडीन निघेल त्या वाटेनं पुढे जायचं. कारखान्याचं गटार स्वच्छ निघालं, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. साहेब मात्र म्हणाले, "कुणाच्या कपड्यांवरून बाहेर गेलं असेल तर?" आणि माग निघाला तो थेट तिच्याच गल्लीत, तिच्याच घरासमोरच्या गटाराच्या झाकणापाशी. ज्याची राखण करायची, तेच आपण घरी घेऊन आलो की काय?

हातात धरायचं किरण मोजायचं यंत्र घेऊन ती घरी आली. बूट, कपडे, पिशवी, सगळ्यांवरून ते फिरवलं. काही नाही. सासूबाईंच्या बंद दारापाशी मात्र ते कडकड वाजू लागलं.

गेले काही दिवस सासूबाई ताट आतच मागवत, नातवालाही जवळ येऊ देत नव्हत्या. रुसल्या असतील म्हणून हिनंही तोंड फिरवलं होतं. मागे नवरा येऊन चोरासारखा उभा राहिला.

"आईला दवाखान्यात नेलं होतं," तो म्हणाला. "ग्रंथीचा त्रास. तिथे आयोडीनची गोळी दिली. काही दिवस ते लघवीतून बाहेर पडत राहतं म्हणे. तुला सांगू नको म्हणून तिनं शपथ घातली होती."

"पण का?"

उत्तर आतून आलं. "का म्हणजे? ज्या कारखान्याला इतकी वर्षं नावं ठेवली, त्याचंच औषध गिळायची वेळ आली! कुठल्या तोंडानं सांगू?"

तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. बिचारी म्हातारी स्वतःच्या अंगातल्या किरणांपासून नातवाला जपत होती, आणि आपण मनात काय काय धरून बसलो! ती दाराशी म्हणाली, "आई, तुमचं नाव मी कुणापुढे घेणार नाही."

"तू कशाला घेतेस? मीच सांगते. माझ्यासारख्या कुणाची तरी गोळी त्या कारखान्यात अडकून पडली असेल." सासूबाई चपला घालून बाहेर आल्या. "हो बाजूला. लांब राहायला सांगितलंय मला."

फाटकाशी त्या गर्दीपासून चांगल्या दूर उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ते आयोडीन माझं आहे! औषध घेतलंय मी, इथेच बनलेलं. कारखान्यातून काही सांडलेलं नाही."

"कशावरून?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

सासूबाईंची मान ताठ झाली. "अहो, एवढा नाला उलटा चढून माझ्या सुनेनं मला घरात गाठलं! जिच्या नजरेतून आमची मोरी सुटली नाही, तिच्या नजरेतून हा कारखाना सुटेल होय?"