कंदील जळत होता

मुरुडच्या शिवारात आजही कुणी विहिरीत उतरायला निघालं, की म्हातारी सरजाबाई काठी आडवी धरते अन् एकच विचारते, "इंजन कुठं ठिवलंय?" वर असेल तर काठी बाजूला होते. आत असेल तर समोर मालक असो की सरपंच, तिच्या तोंडाला तोंड देणारा अजून जन्माला यायचाय. हा प्रश्न ती कुठं शिकली, त्याची ही गोष्ट.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून लातूर रंगवलेलं, त्याचा रंग अजून ताजा होता. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यावर रुसला होता तसाच नव्यावरही. विहिरींनी तळ दाखवला. ज्यांच्या जमिनी त्यांनी विहिरी खोल करायला काढल्या आणि आत उतरायला बौद्धवाड्यातली माणसं बोलावली. जमीन मालकाची, पाणी मालकाचं, जीव तेवढा ह्यांचा!

सरजाबाईचा नवरा नरसिंग ह्या कामात पटाईत. तो खाली पहार चालवायचा, ती वर गाळाच्या टोपल्या ओढायची. तिचा एकच हट्ट होता. नवरा उतरायच्या आधी त्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि दुसरं टोक बाभळीला. गडी फिदीफिदी हसायचे. नरसिंगही चिडायचा, "मला काय बैल समजलीस, दावं बांधून ऱ्हायलीस?"

"बैलाचं मोल हाय मालकाला," ती गाठ आवळत म्हणायची. "तुमचं मलाच हाय."

अमृतरावाच्या विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं होतं, की काठावरचं ऑइल इंजिन ते ओढेना. म्हणून त्यानं इंजिनच आत उतरवून खडकाच्या टप्प्यावर बसवलं. त्या दुष्काळात बऱ्याच जणांनी तेच केलं. सकाळभर इंजिन धडधडलं, तळाचं पाणी उपसलं आणि बंद झालं. मग रीतीप्रमाणे दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडला. कंदील विझला तर हवा वाईट, उतरायचं नाही, ही बापजाद्यांची रीत. कंदील जळतच वर आला.

"हवा चोख हाय," अमृतराव म्हणाला. नरसिंग उतरला.

कुणी ह्या रीतीला अडाणीपणा म्हणेल. खुशाल म्हणो! ह्याच रीतीनं किती जीव वाचवलेत. पण रीत जुन्या हवेची होती आणि इंजिन नवं होतं.

खाली पहारीचा ठणठण आवाज चालला होता. तो थांबला. सरजाबाईनं हाक मारली. ओ नाही. धाकटा दीर पंढरी धोतर खोचून उडीच घ्यायला निघाला, तिनं त्याची बंडी धरून मागं खेचलं. "एकाचं दोन मुडदं करतो व्हय? दोर वढ!"

सगळ्यांनी ओढलं. नरसिंग भरल्या पोत्यासारखा वर आला. शुद्ध नव्हती, छाती तेवढी हलत होती.

अमृतरावानं जीप काढली. लातूरच्या सरकारी दवाखान्यात नरसिंगच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला. "विहिरीतली हवा खराब होती," एवढंच अमृतरावानं डॉक्टरांना सांगितलं. बाहेर वऱ्हांड्यात आल्यावर मात्र त्याची जीभ सैल झाली.

"सरजे, माझा उदगीरचा पाव्हणा मेडिकल चालवतो. असल्या केसा त्याला ठाव हायत. अॅनॉक्सिया म्हणतात याला. ऑक्सिजन खल्लास, मेंदू खल्लास. शेवट परक्या खाटेवर नगं. जीप हाय, घरी न्या."

पंढरीला हुंदका फुटला. "वहिनी, दादाला आपल्या दारात तरी..."

माणूस आपल्या घरी जावा, हे तिलाही वाटत होतं. ती 'हाव' म्हणणारच होती. पण ज्या माणसानं कधी ओंजळभर पाणी आपणहून दिलं नाही, तो परतीची जीप देतो? ती तशीच उठली आणि आत जाऊन डॉक्टरांपुढं उभी राहिली. डॉक्टर विरूपाक्ष, वयानं कोवळे, दमलेले.

"सायब, यांना अॅनॉक्सिया झालाय म्हणं. म्हंजे काय?"

"कोण म्हणालं? ऑक्सिजन अजिबात नाही मिळाला तर अॅनॉक्सिया. कमी पडला तर हायपॉक्सिया. श्वासच कोंडला तर अॅस्फिक्सिया."

"नावं नगा सांगू! माणूस ऱ्हाईल का जाईल ते सांगा."

डॉक्टरही तापले. "नावावरच ते ठरतं, बाई! तुमच्या गावात टँकर येतो ना? आलाच नाही, तो अॅनॉक्सिया. आला, पण वाट्याला अर्धीच घागर, तो हायपॉक्सिया. आला आणि कुणी नळीवर पाय देऊन उभा राहिला, तो अॅस्फिक्सिया."

सरजाबाईनं मान हलवली. नळीवर पाय देऊन उभी राहणारी माणसं तिला चांगली माहीत होती. "मग यांचं कोणतं?"

"विहिरीत हवाच संपली असेल तर..."

"हवा कशी संपंल? कंदील जळत हुता की!"

डॉक्टरांनी झटकन वर बघितलं. "कंदील?"

"आदी सोडला हुता. जसा गेला तसा जळत आला."

"मग खाली ऑक्सिजन होता. विहिरीत कशाचा धूर झाला होता का?"

सरजाबाईनं दाराकडं बघितलं. दारातला अमृतराव आपल्या वहाणांकडं बघत होता. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"इंजन हुतं, सायब. आत. सकाळभर चाललं हुतं."

"हे आधी का नाही सांगितलं?" डॉक्टर ओरडलेच. मग खाली बसून समजावू लागले. "इंजिनच्या धुरात एक वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही, कंदिलाला तो कळत नाही. टँकर दारात उभा आहे, पाणीही आहे, पण बायांच्या घागरी आधीच रॉकेलनं भरल्यात. पाणी घेणार कशात? रक्ताचं तसं झालंय."

"मग घागरी रित्या करा."

"तेच चाललंय. भरपूर ऑक्सिजन दिला की तो वायू हळूहळू हटतो. मास्क काढून घरी नेलंत तर मात्र गेला."

"अन् ठिवलं तर? कमरंला दोर हुता, लगीच वढून काढलंय."

"वचन देत नाही. पण दोरामुळं लवकर वर आलाय, श्वास चालू आहे. मला आशा आहे."

एवढं तिला पुरलं. ती दारात आली. "मालक, जीप घिऊन जावा. आमी हितंच ऱ्हातो. अन् गेल्या गेल्या इंजन वर काढा, न्हाईतर सगळ्या पंचक्रोशीला सांगत फिरीन." जीप गेली. पंढरी दादाच्या पायथ्याशी बसला. सरजाबाई उशाशी, एक हात मास्कवर.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तसा नरसिंग हलला. डोळे उघडले, बायकोवर स्थिरावले. डॉक्टरांनी नाव विचारलं, गाव विचारलं, ते त्यानं बरोबर सांगितलं. मग हातानं मास्क चाचपत कुरकुरला, "ही काय बैलावानी मुसकं बांधलंय मला?"

सरजाबाई हसली आणि हसता हसता रडली. "दाव्यानं वर आलाव," ती मास्क नीट करत म्हणाली, "आता मुसकं बी गुमान ऱ्हाऊ द्या."