साहेबांचे मोजे

वाशीमच्या चैत्रात माणूस अंगावरचा सदरासुद्धा नाइलाजाने घालतो. दानियलसाहेब मात्र मोजे घालत. पांढरे, घोट्याच्या वर जाणारे. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, चर्चच्या पंचमंडळाचे अध्यक्ष झाले, पण मोजे काही उतरले नाहीत. दारात सगळे चपला काढत, साहेब बूट काढत आणि मोज्यांवर वेदीपर्यंत असे जपून चालत की मंडळीला वाटे, काय ही अदब! खरं कारण असं, की टाच टेकली की कळ थेट मस्तकात जायची.

मोज्यांच्या आत भेगा होत्या. रिठद गावच्या काळ्या रानात निंदण करणाऱ्या सीताबाईने, म्हणजे साहेबांच्या आईने, लेकाला इस्टेट म्हणून या टाचाच तेवढ्या दिल्या. लेक मिशनच्या बोर्डिंगात शिकला, शुद्ध बोलू लागला, रिठदचं नाव घेईनासा झाला. टाचा मात्र होत्या तशाच राहिल्या. त्या कोणी पाहिल्या तर आपण कुठून आलो हे सगळ्या गावाला कळेल, अशी साहेबांची पक्की समजूत. सख्ख्या बायकोनेही त्या कधी उजेडात पाहिल्या नव्हत्या.

गरिबांवर साहेबांचं फार प्रेम. गरिबाने फक्त वेळेवर यावं, ओळीत बसावं आणि फोटोत गरीब दिसावं, एवढीच अपेक्षा. यंदा त्यांनी ठरवलं, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे आपण बारा गरीब बायांचे पाय धुवायचे. फोटो चर्चच्या वार्षिक अहवालाच्या कव्हरवर छापायचा.

बाया गोळा करायचं काम चर्च झाडणाऱ्या बेबीबाईकडे आलं. तिच्याशी साहेबांचं आधीच वाकडं. ती मेणबत्त्यांची थोटकं घरी न्यायची, तेलात वितळवून मलम करायची आणि मागच्या वस्तीतल्या बायांच्या टाचांत भरायची. भरताना शिव्याही मनसोक्त द्यायची. नाताळानंतर हे साहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांना चर्चच्या मालमत्तेचा कळवळा आला. "देवाचं मेण गरिबाच्या पायाला?" असं ते सभेत म्हणाले. ठराव एकमताने पास झाला, थोटकं कपाटात गेली, किल्ली साहेबांच्या खिशात गेली.

गुरुवार उजाडला. पितळी परात, कोमट पाणी, नवा टॉवेल, सगळं मांडलं होतं. तरुण संघाची पिंकी मोबाइल रोखून तयार. खुर्च्यांवर बसलेल्या बायांकडे साहेबांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. कोणीतरी आपल्या पायाला हात लावणार, म्हणून बिचाऱ्यांनी हापशावर विटकरीने पाय घासून लख्ख केले होते. दोघींनी तर नखांना रंगही लावला होता.

"यात गरिबी कुठे दिसते?" साहेब पिंकीजवळ पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "बायांनो, जरा मैदानातून एक चक्कर मारून या. अनवाणी."

हिरीबाई त्यांच्यात सगळ्यांत म्हातारी. ती जागची हलली नाही. "काहून? धुवाले बलावलं अन् आता मळवून या म्हनता? ते त आमी रोजच करतो, मंग इथं कायले आलो?"

बाया हसल्या. वेदीजवळ उभ्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या पाद्रीसाहेबांना, अचानक खोकला आला. दानियलसाहेबांनी चिडून तिथेच उकिडवी बैठक मारली आणि हिरीबाईचा पाय परातीत ओढला. म्हातारीने तो आखडून घेतला, परात कलंडली, पाणी साहेबांच्या मोज्यांवर. बसताना भेग उकललीच होती. मोज्याच्या पांढऱ्या टाचेवर तांबडा डाग पसरू लागला.

"रगत!" हिरीबाई खुर्चीवरून उतरली आणि साहेब नको नको म्हणेस्तोवर तिने मोजा ओढून काढला. मग पाहतच राहिली. "बाप्पा! ह्या त सीताबाईच्या टाचा. रिठदले आमी एकाच रांगेत निंदाले जात होतो. तू वावराच्या धुऱ्यावर निजून राहे, दानू."

दानू म्हणणारं कोणी जगात उरलं असेल, असं साहेबांना वाटलं नव्हतं. त्यांनी टाच परातीमागे लपवायला पाहिली.

"बेबे, मलम आन व," हिरीबाई म्हणाली.

"कुठून आनू? कपाटाले कुलूप हाये." बेबीबाईने झाडू भिंतीला टेकवला. "देवाचं मेन गरिबाच्या पायाले चालत नाई. ठराव झाला."

हिरीबाईने टाच मांडीवर घेतली, पदराने टिपली. साहेब खाली मान घालून बसले होते. कितीतरी वर्षांनी त्यांच्या तोंडून रिठदची भाषा निघाली. "मावशी, मायले लई दुखे काय?"

"दुखत नसन का रे? लंगडत ये रोज. म्या म्हनलं, बाई, चपला घे. त म्हने, पोराले बोर्डिंगात मोजे लागते, आदी ते घेतो."

ती हे सहज बोलली, दोष दिल्यासारखं नाही. साहेबांना रडू आवरलं नाही. आधी त्यांनी दुसरा मोजा स्वतःच काढला, मग खिशातली किल्ली काढून बेबीबाईपुढे धरली. बेबीबाईने ती हिसकावल्यासारखीच घेतली आणि कमरेला खोचली.

"मलमाले बारा जनी आदी बसल्या हायेत," ती म्हणाली. "तुमी त्याइच्या मांगं बसा."

साहेब अनवाणी लंगडत गेले आणि शेवटच्या खुर्चीवर बसले.