मिलिंदची आडव्या इंजिनाची बाईक

जुनी गाडी घेतली की घरात स्पेअर पार्ट्स साठतात म्हणे. आमच्या मिलिंदने घेतली आणि आम्हा मित्रांकडे किस्से साठले!

मिलिंद इथे आयर्लंडमध्ये लेटरकेनीच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. मी ब्युमॉन्टला राहतो, नोकरी सॉफ्टवेअरची. त्याच्याकडे एक जुनी जर्मन मोटरसायकल आहे. ती बनवणाऱ्या कंपनीचा सुरुवातीचा इतिहास त्याला घरच्यांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ!

*

बाईक पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते रे?"

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अरे, हे लोक आधी विमानांची इंजिनं बनवायचे. पहिलं महायुद्ध हरले, विमानांवर बंदी आली. मग रेल्वेचे ब्रेक बनवले, पण कारखाना चालू ठेवला. मोटरसायकल त्यानंतरची!"

मग म्हणाला, "इथली परीक्षा पास होईपर्यंत मी वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये आजोबांना आंघोळ घालायचो. एमडी होतो तेव्हा. ब्रेकच बनवत होतो म्हण ना!"

*

या बाईकचे दोन सिलिंडर दोन बाजूंना बाहेर आलेले असतात. आधी ते एकामागे एक असायचे. पुढच्याला वारा लागायचा, मागचा तापायचा. मग त्यांच्या इंजिनिअरने इंजिनच आडवं फिरवलं. दोघांना सारखा वारा! मिलिंद हे अगदी हात फिरवून सांगतो.

त्याची आई साताऱ्याहून आली होती. तो पावसातून फिरून आला आणि पाच मिनिटांत काकूंनी त्याचे ओले मोजे गरम सिलिंडरवर वाळत घातले.

"लई डोक्याचा माणूस बग त्यो इंजिनेर," काकू म्हणाल्या. "एका पायाचा हिकडं, एका पायाचा तिकडं!"

*

कंपनीची पहिली कार म्हणजे एका छोट्या इंग्लिश कारचं लायसन्स घेऊन बनवलेलं मॉडेल. मिलिंदची लेक इरा अकरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र आयरिश इंग्लिशमध्ये.

"सो दे कॉपीड द होमवर्क?"

"परवानगी घेऊन!" मिलिंद म्हणाला.

त्याच आठवड्यात टीचरचा फोन आला. इराने मैत्रिणीची गणिताची वही उतरवली होती. मैत्रिणीची लेखी परवानगी सोबत जोडलेली!

*

कंपनीच्या निळ्या-पांढऱ्या चिन्हात विमानाचा फिरता पंखा आहे, असं मिलिंदने वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगितलं. कॉर्क शहरातल्या जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात एका जर्मन आजींनी हळूच त्याची चूक दाखवली. ते तर कंपनीच्या प्रांताचे रंग. पंख्याची गोष्ट नंतरच्या एका जाहिरातीमुळे पसरली.

दुसरा कोणी वाद घालत बसला असता. मिलिंदने आम्हा प्रत्येकाला फोन करून माफी मागितली. मी मीटिंगमध्ये होतो, फोन चुकून स्पीकरवर गेला.

"अरे, तो पंखा नाहीये रे!" एवढा व्याकूळ आवाज ऐकून आमच्या आयरिश मॅनेजरने मला घरी जायला सांगितलं.

*

हा शेवटचा किस्सा शेमस स्वतःच सगळ्यांना सांगतो. शेमस म्हणजे मिलिंदच्या बाईकचा म्हातारा मेकॅनिक. तिचं बंद पडलेलं इंजिन त्यानेच पूर्ण खोलून पुन्हा उभं केलं.

गेल्या वर्षी त्याच्या हृदयाला त्रास होता आणि पोटाचं मोठं ऑपरेशन करणं भाग होतं. भूल देणार होता मिलिंद. आदल्या दिवशी त्याने सगळे धोके नीट समजावले. बोलता बोलता त्याचाच आवाज कापायला लागला.

शेमसनेच मग त्याला धीर देत त्याच्या हातावर थोपटलं. "यू'ल बी ग्रँड, डॉक्टर."

ऑपरेशन चार तास चाललं. मिलिंद जागचा हलला नाही. शेवटी शेमसने डोळे उघडले, मिलिंदला ओळखलं आणि कसंबसं विचारलं,

"एखादा नट उरला नाही ना रे बाहेर?"